सासऱ्यांची शेवटची सायकलफेरी

सायकलचे ब्रेक घरीच दुरुस्त करायचे, असं मी ठरवलं. एवढंच. लोक यापेक्षा मोठे निर्णय घेतात आणि सुखरूप सुटतात.

सायकल माझ्या सासऱ्यांची, थोरकिल यांची. मालवाहू, पुढे भलीमोठी लाकडी पेटी. त्या पेटीतून त्यांनी बटाटे नेले, कुत्रा नेला, नातवंडं नेली. आता त्यांच्या अस्थींचा कलश चर्चपासून दफनभूमीपर्यंत त्याच पेटीतून न्यावा, ही त्यांची शेवटची इच्छा होती. आणि चालवणार मी. जिवंतपणी त्यांनी मला त्या सायकलला बोटही लावू दिलं नव्हतं. ("मोगेन्स, तू दार धरून उभा राहा," एवढीच माझी नेमणूक.) म्हणून त्यांच्यासाठी हे एक काम तरी मला नीट करायचं होतं. अगदी मनापासून.

आमचं वाइले गाव उतारावरचं. चर्च वर, दफनभूमी खाली. आणि ब्रेकची मूठ दाबली की भिजलेल्या पावासारखी आत जायची.

"दुकानात दे," माझी बायको ट्रीने म्हणाली.

"दुकानवाला आठवडा लावेल. बाबांना वेळ आहे गं, पाद्री बाईंना नाही."

या ब्रेकच्या नळीत तेल असतं. तेलात हवा शिरली की ब्रेक मऊ पडतो. मग खालून पिचकारीने तेल चढवायचं आणि वरून बुडबुडे निघायची वाट बघत बसायचं. मी बसलो. बुडबुडे निघाले. मग नळीही निघाली, आणि तेल चाकाच्या चकतीवर, तिला आवळून धरणाऱ्या नव्या पॅडवर आणि माझ्या लग्नातल्या पँटवर उडालं.

"आता?" ट्रीनेने विचारलं.

"धुतो की."

पाहुणे येणार म्हणून घर धुवायला काढलं होतं. आमच्याकडे जमीन, टेबल, खुर्च्या सगळं साबणाच्या चुऱ्याच्या पाण्याने धुतात. त्याच बादलीत मी चकत्या आणि पॅड प्रेमाने धुतले. चकाकले! त्या साबणाची तेलकट साय मागे राहते, म्हणून तर लाकूड टिकतं. हे मला माहीत होतं. (लाकडाच्या बाबतीत.)

नळी पुन्हा बसवली, तेल भरलं, मूठ दाबली. दगड!

"एकदा उतारावर चालवून बघ ना," ट्रीने म्हणाली.

"घरातलं माणूस गेलंय, आणि जावई उतारावर सायकल उडवतोय? लोक काय म्हणतील?"

दफनाच्या दिवशी चर्चपासून निघालो. पेटीत कलश, मागे सासूबाई, ट्रीने, पाद्री बाई आणि गाणं म्हणणारे नातेवाईक. उतार लागला. मी ब्रेक दाबला. मूठ दगडासारखी घट्ट, आणि चाकं लोण्यावरून जावीत तशी मोकळी.

"मोगेन्स, हळू!"

"दाबतोय!"

"मग थांब की!"

"मी थांबतोय, ही थांबत नाहीये!"

गाणं बंद पडलं. पाद्री बाई गळ्यातली पांढरी झालर सांभाळत धावू लागल्या. मी फाटकातून आत शिरलो, सासऱ्यांसाठी खणलेल्या खड्ड्याला सलाम ठोकून पुढे गेलो आणि दुसऱ्यांच्या कबरींची बुटकी कुंपणं तोडत आडवा झालो. कलश तेवढा पोटाशी धरला होता. तिथे एक आजी आपल्या नवऱ्याच्या कबरीवरच्या खडीवर दाताळं फिरवत होत्या.

"इथे जागा नाही," त्या म्हणाल्या. "इथे आमचे आहेत."

ट्रीने धापा टाकत आली. "लागलं का?"

"गुडघा जरासा—"

"तुला नाही रे! बाबांना!"

कलशाला ओरखडाही नव्हता. मला मात्र तिथेच, त्या खडीत, रडू फुटलं. थोरकिल मला फार आवडायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला गेलो तो असा.

मग ट्रीनेने कलश उचलून नेला आणि त्यांना रीतसर मातीत ठेवलं. मी दुरून पाहिलं.

दफनानंतरच्या कॉफीला माझ्या टेबलावर कोणी बसेना. शेवटी सासूबाई आल्या, बसल्या.

"माफ करा," मी म्हणालो. "मला त्यांना नीट पोहोचवायचं होतं."

"पोहोचले ना ते." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. माझे डोळे पुन्हा भरून आले. "फक्त एक कर, मोगेन्स. माझ्या वेळी सायकल काढू नकोस."

"नाही काढणार. गाडी सांगू?"

"तूच सांगणार?"

"हो."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

"मग राहू दे. मी चालत जाईन."