मुरारीचं नाव कोण घेणार?

एका जंगलात निवडणूक लागली होती. हसू नका. जंगलात सिंह असतो हे मलाही माहीत आहे. पण त्या जंगलातला सिंह जेवून झोपला की पुढच्या जेवणालाच उठायचा. म्हणून रोजचा कारभार पाणवठ्याच्या सभेकडे होता. या सभेत नदीकाठची एक जागा होती आणि तिच्यासाठी दोन उमेदवार उभे होते.

पहिला फत्तेसिंग रानडुक्कर. जागा आधीपासून त्याच्याकडेच होती. काम म्हणाल तर तो नदीच्या डोहात दिवसभर लोळत असे. बाकीचं जंगल तेच पाणी पीत असे.

दुसरा मुरारी, एक तरतरीत, बोलकं पाणमांजर. निवडून आलो तर लोळायची जागा वेगळी आणि प्यायची वेगळी करीन, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मुरारी राहायचा मकरंदबरोबर. मकरंदही पाणमांजरच, आणि तोही नरच. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, बीळ एकच होतं, आणि यातलं काहीच त्यांनी कधी कुणापासून लपवलं नव्हतं. सुरुवातीला जंगलाने थोडी कुजबुज केली. मग उन्हाळा आला आणि जंगलाला दुसरी कामं निघाली.

अशा उमेदवाराला पाठिंबा द्यायला धैर्य लागतं. ते विद्याधर घुबडापाशी होतं. त्याने 'खुला पाठिंबा समिती' स्थापन केली. समितीच्या बैठका वडाच्या ढोलीत, दार लावून होत. घुबड अध्यक्ष आणि खवले मांजर चिटणीस. खवले मांजर तसं गुणी होतं. फक्त कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की ते अंग मुडपून गोळा होऊन बसायचं.

आता या जंगलाची एक रीत सांगतो. मतदानाच्या आदल्या दिवशी उमेदवारांनी आपापल्या जोडीदाराला घेऊन पाणवठ्याच्या खडकावर उभं राहायचं. जोडीदाराने उखाण्यात उमेदवाराचं नाव घ्यायचं. मग जंगलातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईने, म्हणजे गवाआजीने, त्या जोडीदाराची ओटी भरायची. उमेदवाराचं काम बघायला फारसं कुणी जात नसे, पण उखाणा ऐकायला सगळं जंगल लोटायचं.

"मुरारीराव, माझं काहीच म्हणणं नाही," घुबड बैठकीत म्हणालं. "मी सुधारलेला आहे. पण लोक अजून तयार नाहीत हो."

"कोणते लोक?" मुरारीने विचारलं.

खवले मांजर गोळा झालं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," घुबड म्हणालं. "मकरंदरावांनी त्या करवंदीच्या जाळीत बसावं. खडकावर आपण सुभद्राबाईंना उभं करू. पाणमांजरच आहेत, विधवा आहेत, चारचौघांत शोभतात. उखाणाही पाठ करून घेतलाय. तुम्ही एकदा निवडून या, मग हवं तेवढं उघड राहा!"

मुरारीने मकरंदकडे पाहिलं.

"बसतो की," मकरंद म्हणाला. "जाळीत सावली तरी असेल." आणि मागे न बघता निघून गेला.

त्याला फार लागलं होतं. मुरारीला ते दिसलं, तरी तो गप्प राहिला. त्याला डोह स्वच्छ करायचा होता ना! चांगल्या कामासाठी घरच्या माणसाचं मन मोडलं तर चालतं, असं त्याला त्या दिवशी शहाण्यांनी पटवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी खडकासमोर ही गर्दी. आधी फत्तेसिंगच्या बायकोने झकास उखाणा घेतला. टाळ्या पडल्या. ही त्याची नवीन बायको. मागच्या निवडणुकीत दुसरी होती, त्याच्या मागच्या निवडणुकीत आणखी वेगळी. "कुटुंब टिकलं पाहिजे," असं तो प्रत्येक भाषणात म्हणायचा.

मग सुभद्राबाई पुढे आल्या. पदर नीट केला. (पाणमांजराला पदर कुठून आला, असं विचारणाऱ्याने गोष्ट ऐकू नये.) घुबडाने खालून मान डोलावली. बाईंनी डोळे मिटले आणि म्हटलं,

"डोहाच्या काठाला लव्हाळ्याची रास,
धोंडोपंतांचं नाव घेते तुमच्यासाठी खास."

सगळं जंगल एकमेकांकडे बघायला लागलं.

"धोंडोपंत कोण गं?" गवाआजीने विचारलं.

"आमचे हे होते," सुभद्राबाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "मगरीनं नेलं त्यांना. रात्रभर घोकलं हो मी मुरारीरावांचं नाव. पण उखाणा म्हटला की तोंडाला तेच येतं. दुसरं नाव घ्यायला जीभच वळत नाही, आजी."

"नको वळवूस बाई," गवाआजी म्हणाली. तिने बाईंच्या डोक्यावरून हळूच नाक फिरवलं. मग ती मुरारीकडे वळली. "काय रे, ही तर धोंडोपंताची. तुझं नाव घेणारं हाय का न्हाय कुणी?"

"नाही म्हणा!" घुबड खालून कुजबुजलं. "ब्रह्मचारी आहे म्हणा! ब्रह्मचाऱ्यांना मान असतो!"

मुरारी सुभद्राबाईंकडे बघत राहिला. गेलेल्या नवऱ्याचं नाव या बाईला टाकवत नव्हतं, आणि आपण जित्याजागत्या मकरंदला जाळीत बसवून आलो. त्याला स्वतःची लाज वाटली.

"आहे, आजी," तो म्हणाला. "त्या जाळीत आहे. मीच बसवलंय." आणि त्याने हाक मारली. "मकरंद, ये बाहेर!"

जाळी हलली नाही.

"बस म्हणालास ना? बसलोय," आतून आवाज आला.

"चुकलो मी. सगळ्यांच्या समोर सांगतो, चुकलो. ये ना!"

मकरंद बाहेर आला. अंगभर काटे, मिशीला करवंदाचा चीक. खडकावर चढून तो मुरारीशेजारी उभा राहिला.

"ही आपली संस्कृती नाही!" फत्तेसिंग ओरडला. "ओटी बायकोची भरतात!"

"फत्तेसिंगा," गवाआजी म्हणाली, "दर निवडणुकीला तुझ्या नव्या बायकोची ओटी म्या भरली. एका शब्दानं तुला विचारलं का मी, आधीची कुठं गेली म्हणून? मग गप ऱ्हा. हां, घे रे पोरा नाव."

मकरंदने मिशीवरचा चीक पुसला आणि नाव घेतलं.

"पुराच्या पाण्यात सोडला नाही हात,
मुरारीचं नाव घेतो आज चारचौघांत."

पहिली टाळी सुभद्राबाईंनी वाजवली. मग माकडांनी वाजवली, पण ती कशालाही वाजवतात. मग बाकीच्यांनी. आजीने मकरंदच्या ओंजळीत मोहाची फुलं घातली. "वाढू दे तुमचा संसार," म्हणाली, "पण आधी त्या डोहाचं बघा. लई वास मारतोय."

दुसऱ्या दिवशी मतदान झालं आणि मुरारी निवडून आला. फार मतांनी नाही. कुणाला तो पटला होता, कुणाला उखाणा आवडला होता, आणि पुष्कळांना गढूळ पाण्याचा कंटाळा आला होता.

सत्काराला खुला पाठिंबा समिती सगळ्यांत आधी हजर. घुबडाने भाषण केलं. "आम्ही पहिल्यापासून ठाम होतो," ते म्हणालं. "सत्य लपवायचं नाही, हीच आमची भूमिका होती." मग हार घालायला समिती खडकावर चढली. खडक लहान, समिती मोठी.

"मकरंदराव," घुबड गोड आवाजात म्हणालं, "जरा बाजूला सरकता का? समितीला उभं राहायचंय."

मुरारीने मकरंदचा पंजा घट्ट धरला. "तो इथेच उभा राहील," तो म्हणाला. "तुम्हाला जागा हवी असेल तर ती समोरची जाळी कालपासून रिकामी आहे. सावली चांगली असते म्हणे."

खवले मांजर गोळा झालं आणि उतारावरून गडगडत थेट जाळीत जाऊन पडलं. घुबड थोडा वेळ घुटमळलं. मग हार घेऊन तेही त्याच्या मागे गेलं.

तात्पर्य: मुलांनो, पाठिंबा नेहमी जाळीत बसूनच द्यावा. उमेदवार पडला तर आपण तिथे होतो हे कुणाला कळत नाही, आणि निवडून आला तर हार घेऊन सगळ्यांत आधी पोचता येतं. फक्त बाहेर पडताना अंगावरचे काटे तेवढे झटकावेत. त्यावरून लोक ओळखतात.