पास्कूचे पंधरा दिवस

पास्कूवर बसल्यावर आयडाचे पाय जमिनीला लागू लागले, त्या दिवशी तिच्या आईने, म्हणजे आयरीनने, जाहीर केलं, "लॉरेन्स, आता हे तट्टू विकायचं."

लॉरेन्स किणी नुकताच वाडीतून मुळ्याच्या जुड्या घेऊन आला होता. "बघू," तो म्हणाला. मरोळच्या गावठाणातल्या त्या घरात लॉरेन्स एकदा 'बघू' म्हणाला की ती गोष्ट पुढची दोन वर्षं कुणी बघत नसे, हे आयरीनला पुरतं ठाऊक होतं.

"बघू नाही, विकायचं! पोरगी चौदाची झाली. त्याच्यावर बसते की त्याला चालवत नेते तेच कळत नाही. आणि हा नुसता खातो. परवा माझी अख्खी मेथी खाल्ली, काल फादरांच्या कुंडीतली शेवंती!"

पास्कू दारात उभा राहून हे सगळं शांतपणे ऐकत होता. नऊ वर्षांपूर्वी, ऐन पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाला, लॉरेन्सने त्याला जुहूच्या चौपाटीवर पोरांना फिरवणाऱ्या एका माणसाकडून आणलं होतं, म्हणून त्याचं नाव पास्कू. बुटका, मातकट रंगाचा आणि पोटाने गोल. आयडाचा तो जीव की प्राण. विकायचं म्हटल्याबरोबर तिने जेवण सोडलं. एका वेळचंच सोडलं, पण घरात खळबळ माजायला तेवढं पुरलं.

शेवटी लॉरेन्सने मधला मार्ग काढला. जयवंत परब नावाचा आरे कॉलनीतल्या डेअरीतला कारकून त्याच्याकडे भाजी घ्यायला यायचा. त्याची सहा वर्षांची मीरा शाळेत जायला रोज रडायची. एकदा बापाबरोबर आलेली असताना तिने पास्कूला पाहिलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर बसून जाईन."

"पंधरा दिवस घेऊन जा," लॉरेन्स जयवंतला म्हणाला. "पटलं तर विकत घ्या, नाही पटलं तर आणून सोडा." आणि मुलीला बाजूला घेऊन त्याने सांगितलं, "आयडा, तो परत आला ना, तर विकायचा विषय कायमचा बंद. शप्पथ."

आयडाने डोळे पुसले. जयवंतने निघताना विचारलं, "काय खोडबिड नाय ना त्याला?"

"छे! एकदम गरीब आहे," आयडा म्हणाली.

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. गावठाणात चर्चची संध्याकाळची घंटा वाजली की माणसं जिथे असतील तिथे थांबून प्रार्थना म्हणत. आयडा पाच वर्षांची असल्यापासून पास्कूलाही थांबवायची, प्रार्थना म्हणायची आणि 'आमेन' म्हटल्यावरच पुढे न्यायची. नऊ वर्षांत पास्कू गावातल्या कित्येक माणसांपेक्षा धार्मिक झाला होता. घंटा ऐकली की जागच्या जागी उभा. 'आमेन' ऐकल्याशिवाय, निदान अर्धा तास तरी, खूर हलवायचा नाही. घंटा चर्चची की आणखी कशाची, यात मात्र तो भेदभाव करत नसे. प्रार्थनेला उभं राहणं ही काही खोड नव्हे, अशी आयडाने स्वतःची समजूत घातली आणि ती गप्प बसली.

आरेत पहिल्याच दिवशी कुल्फीवाल्याची घंटा वाजली. पास्कू थांबला. मीराने टाचा मारल्या, जयवंतने लगाम ओढला, कुल्फीवाल्याने मागून ढकललं. पास्कू मान खाली घालून उभा. कुल्फी वितळायला लागली तेव्हा कुल्फीवाला वैतागून म्हणाला, "अरे बापरे! हे भगवान, आमेन, कुछ भी बोलो, मगर इसको हटाओ!" आणि पास्कू तरातरा चालू लागला. नेमकं कशाने चालू लागला, हे त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग शाळा. शाळेची घंटा वाजायची तेव्हा पास्कू फाटकापासून वीस पावलांवर असायचा. तिथेच उभा. मीराला उतरवून चालत न्यावं, तर ती खाली उतरायला तयार नसे. तीन दिवसांत तीन वेळा उशीर झाला आणि बाईंनी वहीत लाल शाईने शेरा दिला. जयवंतच्या बायकोने, जानकीने, कुणीतरी सांगितलं म्हणून पास्कू थांबला की त्याला गूळ द्यायला सुरुवात केली. आता पास्कूला प्रार्थनेनंतर प्रसादही मिळू लागला, तेव्हा तो आणखीनच मन लावून उभा राहू लागला.

नवव्या दिवशी मात्र कडेलोट झाला. आरेच्या अरुंद रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा आला. पुढच्या म्हशीच्या गळ्यात घंटा. पास्कू थांबला. म्हशी निघून गेल्या, पण तोवर मागे बस येऊन उभी राहिली. जयवंतने गूळ दिला, आर्जवं केली, पाठीवर थोपटलं. कसाबसा पास्कूने एक पाय उचलला. ते पाहून कंडक्टरने खूश होऊन दोरी ओढली, "टण टण!" पास्कूने पाय खाली ठेवला.

"ओ, घंटी नका वाजवू!" जयवंत ओरडला.

"घंटी नाय वाजवली तर बस कशी सुटणार?" कंडक्टर म्हणाला आणि आपला मुद्दा पटावा म्हणून त्याने ती पुन्हा वाजवून दाखवली.

बसच्या मागे जीप होती. जीपमध्ये जयवंतचे मोठे साहेब. ते खाली उतरून चालत पुढे आले. "परब, घोडा तुमचा?"

"नाही साहेब, उसना."

"मग परत करा," साहेब म्हणाले आणि हापिसाकडे पायी निघाले.

संध्याकाळी जयवंत सायकल हाणत मरोळला आला. तो चिडला किंवा हळवा झाला की त्याची मालवणी सुटायची. "लॉरेन्सभाऊ, ह्यो घोडो नाय, खांब आसा खांब! उद्याच्या उद्या घेऊन जावा!"

आयडाने तोंड दुसरीकडे फिरवलं, नाहीतर तिचं हसू सगळ्यांना दिसलं असतं. ती जिंकली होती. त्या रात्री ती दोन पोळ्या जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधली मिस्सा आटोपून तिघंही आरेला गेले. आयरीनला खरं तर यायचं कारण नव्हतं, पण ती सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार होती. परबांच्या क्वार्टरमागे मीरा पास्कूच्या गळ्याला मिठी मारून उभी होती. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"ताई," तिने आयडाला विचारलं, "मी त्याला आवडत नाही ना? म्हणून थांबतो ना तो? मी काय चुकले ते सांग ना. मी तसं नाही करणार."

आयडाने पास्कूकडे पाहिलं, मीराकडे पाहिलं, आणि तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. नऊ दिवस हे चिमुरडं पोर स्वतःला दोष देत होतं, आणि ती तिकडे दिवस मोजत बसली होती.

"तू काही चुकली नाहीस गं," ती म्हणाली. "मी चुकले." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

जयवंतने आत जाऊन पूजेची घंटा आणली आणि वाजवली. पास्कू ताठ उभा. मीराने हात जोडले, डोळे मिटले, तिला येत होता तेवढा परवचा भराभर म्हटला आणि मोठ्याने 'आमेन' म्हणून शेवट केला. पास्कू तिला घेऊन ऐटीत चालू लागला. मीरा अशी काही हसली की जयवंतचा राग जागच्या जागी विरघळला.

"अहो, परवच्याला आमेन?" जानकीने हळूच विचारलं.

"पोरगी शाळेत वेळेवर जाते ना? मग असू दे," जयवंत म्हणाला. मग तो लॉरेन्सकडे वळला. "भाऊ, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

लॉरेन्सने घसा खाकरला. "चर्चच्या घंटेला मी पण रोज त्याच्या शेजारीच उभा राहतो. ठाऊक नसायला काय झालं?"

"डॅडी!" आयडा म्हणाली.

"पण वहिनी तरी सरळ आहेत हो," जानकी म्हणाली. "मी बुधवारी भाजीला आले तेव्हा त्यांनीच मला सांगितलं, थांबला की गूळ द्या म्हणून."

सगळ्यांनी आयरीनकडे पाहिलं. गुळाचा खडा दाखवला की पास्कू तास तास जागचा हलत नाही, हे किणींच्या घरातच काय, अख्ख्या गावठाणात माहीत होतं.

"मम्मी, तू? तूच तर विका विका म्हणत होतीस!"

"म्हणत होते," आयरीन पदराशी चाळा करत म्हणाली. "पण तो गेला आणि दार रिकामं दिसायला लागलं. मेथी राहिली, पण खाववेना."

जयवंत म्हणाला, "ता सगळा ऱ्हवांदे. माका घोडो व्हयो. विकतास?"

लॉरेन्सने मुलीकडे पाहिलं. आयडाने दूरवर गेलेल्या मीराकडे पाहिलं. मीरा पास्कूच्या कानाशी वाकून त्याला काहीतरी सांगत होती.

"द्या, डॅडी," आयडा म्हणाली.

"विकायचा नाही!" आयरीन एकदम म्हणाली. "विकला की संपलं. मग कुठल्या तोंडाने बघायला यायचं? उसना असला की आपलं येणंजाणं राहतं. जयवंतभाऊ, आणखी पंधरा दिवस ठेवा. मुदत संपली की आम्ही येऊ."

आणि ते खरोखरच आले. दर दुसऱ्या रविवारी किणी कुटुंब वाडीतली भाजी घेऊन आरेत येऊ लागलं. आयडा मीराला पास्कूला दौडवायला शिकवायची आणि शेजारून स्वतःच धावायची. दोघे बाप म्हशींबद्दल गप्पा मारायचे. जानकी तांदळाचे गरमागरम घावने वाढायची. निघताना आयरीन गंभीरपणे पंधरा दिवसांची मुदत वाढवून द्यायची.

असं दीड वर्ष चाललं. एकदा निरोप देताना जानकी म्हणाली, "वहिनी, दरवेळी एवढ्या लांब यायचा त्रास कशाला? एकदाच दोन-चार वर्षांची मुदत देऊन टाका की."

"वा गं वा!" आयरीन म्हणाली. "म्हणजे पुढच्या खेपेच्या घावन्यांचं आमंत्रण रद्द?"