मला काय ठाव नाय

आमच्या रोडपालीच्या सोसायटीत यमुनामावशींना काहीही विचारा, उत्तर एकच. "मला काय ठाव नाय." पाणी गेलं का, ठाव नाय. चहात साखर किती घालू, तेही ठाव नाय. मतदार यादीवाल्याला त्यांनी स्वतःच्या वयाबद्दलही हेच सांगितलं. शेवटी त्या बिचाऱ्यानं शेजारीण म्हणून माझ्याकडून माहिती लिहून घेतली.

मावशींची दुसरी तऱ्हा म्हणजे गोऱ्या माणसांची भीती. टीव्हीवर परदेशी संघ खेळायला उतरला की मावशी उठून आत जायच्या. एकदा पनवेलच्या बाजारात दोन गोरे पर्यटक केळी घेत होते. मी वळून पाहते तर मावशी गायब. सापडल्या त्या भाजीवालीच्या मागे, मेथीच्या जुड्यांआड, तोंडावर पदर ओढून. "अवो, ते केळी न्यायला आलेत, तुमाला नाय," भाजीवाली म्हणाली. आम्ही दोघी हसलो. मावशींनी मात्र घरी येईपर्यंत तोंडावरचा पदर काढला नाही.

मावशी मूळच्या उरणकडच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पूर्वी पनवेलच्या एका बालगृहात त्या आया होत्या आणि ते बालगृह कधीच बंद पडलं, एवढंच मला माहीत होतं.

मग गेल्या वर्षी मला एका समाजसेविकेचा फोन आला. मावशी सगळीकडे माझाच नंबर देतात. लीना नावाची बाई, लहानपणी दत्तक जाऊन नॉर्वेत वाढलेली, आपल्या आईचा शोध घेत होती. तिच्या कागदात लिहिलं होतं, 'बालगृहाच्या फाटकाशी टाकलेली सापडली.' खाली साक्षीदार म्हणून मावशींचा अंगठा.

हे ऐकून मावशी पांढऱ्याफटक पडल्या. पोलीस बरोबर असतील का, असं त्यांनी विचारलं. दोन दिवस दाराची कडी काढली नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले तर पिशवीत दोन लुगडी आणि रक्तदाबाच्या गोळ्या भरून तयार. तळोज्याच्या तुरुंगात गोळ्या बाहेरून आणू देतात का, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मला हसू येणार होतं, पण त्यांचे डोळे पाहून मी पिशवी बाजूला ठेवली आणि त्यांच्याजवळ बसले.

तेव्हा त्या बोलल्या. परदेशातली एक धर्मादाय संस्था बालगृहाला दुधाची पावडर आणि घोंगड्या पाठवायची. त्या दुधावर कितीतरी पोरं जगली, हे त्या दोनदा म्हणाल्या. पुढे संस्थेची पत्रं येऊ लागली, दत्तक द्यायला मुलं किती तयार आहेत? उरणजवळच्या मोरा बंदरावरची कोळीण हिराबाई छातीच्या आजारानं इस्पितळात चालली होती. बरी होईपर्यंत सांभाळा, म्हणून चार महिन्यांची पोर ठेवून गेली. तिला वाचता येत नव्हतं. पुढे केलेल्या कागदावर तिनं अंगठा दिला. ती बरी होऊन आली तोवर पोर विमानानं गेली होती. बालगृहाच्या मोठ्या बाईंनी पोर टाकलेली सापडल्याच्या कागदावर मावशींचा अंगठा घेतला, त्यांना फाटकावर उभं केलं आणि शिकवलं, कुणी काही विचारलं तर एवढंच म्हणायचं, मला काय ठाव नाय.

"तीनदा आली, बाय," मावशी म्हणाल्या. "तिसऱ्यांदा झबलं शिवून आनलं व्हतं. ते पन नाय घेतलं मी."

लीना आली त्या दुपारी मावशी न्हाणीघरात कडी लावून बसल्या. बऱ्याच वेळानं दार किलकिलं करून त्यांनी पाहिलं. सावळी, उंच बाई, कोळणीचा रुंद चेहरा. गोरी नव्हतीच ती. मावशी बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहून सगळं सांगितलं. मी ते इंग्रजीत सांगत होते.

लीनानं एकच विचारलं. "म्हणजे ती मला न्यायला आली होती?"

"तीनदा," मावशी म्हणाल्या.

लीना दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. मावशी तशाच उभ्या, मार खायला उभं राहावं तशा. लीना उठली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. तिनं त्यांच्याकडे फक्त पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मोऱ्याला गेलो. हिराबाई जिवंत आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. आयुष्यभर आपल्याला टाकून दिलं असं समजत आलेली लीना जेटीजवळच्या गल्लीत गाडीतून उतरेचना. त्या दारात काय असेल याची तिला धास्ती वाटत होती. आधी मावशीच उतरल्या. लीनाचा हात धरला आणि मासळी वाळत घालणाऱ्या बाईला घर विचारलं. बाईनं बोट दाखवलं.

दार उघडलं ते एका वाळक्या म्हातारीनं. तिनं लीनाकडे पाहिलंच नाही. तिची नजर मावशींवर खिळली.

"तू फाटकावरची ना?"

मावशींनी मान हलवली. मग लीनाला हलकेच पुढे केलं.

"तुजी पोर आनलीय," त्या म्हणाल्या.