रात्रीची गोळी

"रात्रीची गोळी घेतली का?" दुकानातून येताच सोहनलालनं आईला विचारलं.

"सूर्य बुडाला," सायरबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

धरणगावच्या या जैन घरात सायरबाईंचा चौविहार पक्का. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. लघवीला आग होते म्हणून डॉक्टरांनी सकाळी आणि रात्री गोळी सांगितली होती. बाईंनी अर्धंच ऐकलं. तिसऱ्या दिवशी आग थांबली, तशा सकाळच्या गोळ्याही थांबल्या. उरलेल्या डब्यात गेल्या.

महिन्यानं आग परतली. डब्यातल्या दोन घेतल्या, थांबली. पुन्हा आली. मग मेडिकलवाल्याकडून जोरदार गोळ्या आणल्या, त्यांचीही तीच गत. शेजारच्या कलाबाई म्हणाल्या, "माले बी तसंच व्हस, माय," तर त्यांनाही चार काढून दिल्या. आता बोला!

नातीचं, विधीचं लग्न रविवारी धुळ्याला. त्याआधीच्या सोमवारी बाईंना हुडहुडी भरून ताप आला, आणि गाडी लग्नघराऐवजी धुळ्याच्या दवाखान्यात गेली. गुरुवारी लघवीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टर मृणाली आल्या.

"मावशी, तुमचे जंतू गोळ्यांना दाद देत नाहीत. एकही लागू पडत नाही. एक इंजेक्शन उरलंय, तेही शिरेतून, दिवसातून तीनदा. दहा दिवस मुक्काम इथेच."

"आणि लग्न?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"रात्रीची चुकवली म्हणून एवढं?" सोहनलाल म्हणाला.

"चुकवली, मधेच सोडली, मनानं परत घेतली. दर वेळी वाचलेले जंतू औषधाला निर्ढावत गेले. रात्री चालत नाही हे पहिल्यांदाच सांगितलं असतं, तर दिवसाच घ्यायची गोळी मिळाली असती."

"मग आता द्या ना ती!"

"आता तीही चालत नाही."

सोहनलालनं कपाळावर हात मारून घेतला. बाई मात्र ढसाढसा रडल्या. विधीला पहिली हळद त्यांनीच लावायची होती हो!

अंधार पडल्यावर नर्स इंजेक्शन घेऊन आली. बाईंनी हात पदराखाली ओढला. "आता नाही. उद्या उजाडल्यावर."

सोहनलालनं बायकोला, चेलनाला, जवळच्या उपाश्रयात साध्वीजींकडे पिटाळलं. ती धापा टाकत परतली.

"साध्वीजी म्हणाल्या, आजारात औषधाला सूट असतेच. पण विचारायला तर यायचं!"

सायरबाईंनी हळूच हात बाहेर काढला.

"टोच बाई. हे तरी लागू पडेल ना?"

"बघू या," नर्स म्हणाली, आणि शीर शोधू लागली.