गुरामचा निर्जंतुक रांजण

या, असं पुढे सरकून बसा. एका दात काढणाऱ्या माणसाने वाइन कशी काढली, ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, पण त्याला माफही करा. माणूस मनाने भला.

जॉर्जियाच्या राजधानीतला, तिबिलिसीतला, बावीस वर्षांचा दवाखाना बंद करून डॉक्टर गुराम आमच्या काखेतीत, द्राक्षांच्या मुलुखात, सासुरवाडीला येऊन राहिला. बायकोला म्हणाला, "आजवर लोकांनी माझ्यापुढे घाबरून तोंड उघडलं. आता आनंदाने उघडतील."

त्सियाला पिढीजात द्राक्षवाल्यांची लेक. तिने एकच अट घातली. "रस मुरवायचा रांजण माझ्या वडिलांचा आहे. पहिलीच वाइन बिघडली, तर मुकाट्याने परत दवाखाना."

सासरे इओसेब त्याच उन्हाळ्यात देवाघरी गेले. जाताना जावयाच्या हाती चेरीच्या झाडाच्या सालीचा ब्रश आणि मधमाश्यांचं मेण देऊन म्हणाले, "घास, धू, मेण लाव. शहाणपणा करू नकोस."

आता बावीस वर्षं जंतूंशी वैर धरलेला माणूस तो. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या त्या रांजणात गुराम पोट आवळून उतरला. आत उतरलेल्याने गात राहायचं, म्हणजे वरच्याला कळतं की गडी शुद्धीवर आहे. मध्येच गाणं थांबलं. शेजारचे ओतारकाका तोंडाशी वाकले.

"डॉक्टर, आहेस ना?"

"आहे, काका. या सालीवर किती जंतू असतील हो?"

"माझ्या आजोबांच्या वेळचे आहेत. सगळे ओळखीचे."

गुरामला ते काही पटेना. त्याने ब्रश कोपऱ्यात फेकला आणि मेण वितळवताना त्यात दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलाची अख्खी बाटली रिकामी केली. तेच मेण रांजणाला आतून चोपडलं, द्राक्षं भरली, झाकण मातीने लिंपलं आणि सहा महिने नवरदेवासारखा छाती काढून हिंडला.

वसंतात रांजण उघडला. सारा गाव अंगणात जमला. पंक्तीचे मुखिया ओतारकाका. त्यांनी देवाचं नाव घेऊन पेला उचलला आणि सगळ्यांनी घोट घेतला.

मग पंक्तीतल्या सतराच्या सतरा माणसांनी तो घोट डाव्या गालात खुळखुळवला, उजव्या गालात खुळखुळवला, आणि शिस्तीत वाकून थुंकला. आमच्या गावात वाइन थुंकलेली त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

"अहो, थुंकता काय?" गुरामचा आवाज चिरकला.

"मुद्दाम नाही रे," पावाच्या भट्टीवाली एतेरी ओशाळून म्हणाली. "चव लागली आणि वाटलं, आता तू म्हणशीलच, चूळ टाका."

ओतारकाका गाल चाचपत होते. "पण डॉक्टर, माझी दाढ थांबली बघ. तीन आठवडे ठणकत होती."

"माझीही जरा बघतोस?" एतेरीने विचारलं. कुणीतरी घरातून खुर्ची आणली. खुर्चीमागे रांग लागली.

गुराम हळूच बायकोला म्हणाला, "अगदीच बिघडली असं नाही म्हणता येणार."

"नाहीच मुळी. बघ, किती आनंदाने तोंड उघडतायत." त्सियालाने त्याच्या हातात पांढरा कोट ठेवला. स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला.

"हा तर मी टाकून दिला होता."

"बाबांनी उचलून ठेवायला लावला. म्हणाले, राहू दे, जावई फार शहाणा आहे."

तर मंडळी, पुढे कधी पेला उचलाल, भले पाण्याचा का असेना, इओसेबबाबांची आठवण ठेवा. आणि दाढ दुखली, तर गुरामची.