सातवं आश्वासन

खवणेकर कोणाच्याही घरी गेले, की पाणी प्यायच्या आधी खिशातून वीतभर लांबीची पाणसळ काढत आणि जेवणाच्या टेबलावर ठेवत. आतला बुडबुडा मधोमध थांबला तर ठीक. नाही थांबला, तर "टेबल दाराकडे झुकलंय, आमटी वाढताना सांभाळा," असं यजमानाला सांगून मगच पेला उचलत. पेंढारकरांना त्यांच्या नव्या सोफ्याबद्दल तर त्यांनी "हा सोफा नाही, उतार आहे" असं तोंडावर सांगितलं. पेंढारकरवहिनी त्यानंतर महिनाभर पाहुण्यांना खुर्च्यांवर बसवत होत्या.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची, मस्कतच्या रुवी भागातली गोष्ट. खवणेकर एका बांधकाम कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. इतरांनी बांधलेल्या भिंतींत चुका काढणं ही त्यांची नोकरी, आणि शुक्रवारच्या सुट्टीत हाच त्यांचा छंद. साइटवर फोरमनपासून अर्बाबपर्यंत, म्हणजे मालकापर्यंत, सगळे उठसूट 'खलास' म्हणत; म्हणजे काम संपलं. खवणेकरांनी हा शब्द कधी उच्चारला नाही. "खलास म्हणायला काय, तोंड लागतं," ते म्हणत. "साइटवर जाऊन बघू."

आमच्या मराठी मंडळात जेमतेम चाळीस घरं, पण अध्यक्षपदाची निवडणूक अशी चुरशीची, की जिंकणाऱ्याला जणू मंत्रालयच मिळणार. त्या वर्षी पेंढारकर उभे राहिले आणि त्यांनी सात आश्वासनांचं गुलाबी पत्रक वाटलं. ते निवडून आले. पत्रक सगळे विसरले, पेंढारकर सर्वांत आधी. खवणेकरांनी मात्र ते लॅमिनेट करून घेतलं आणि एक वही उघडली: आश्वासन, तपासणी, शेरा, सही. मी मंडळाचा सेक्रेटरी, त्यामुळे साक्षीदार म्हणून माझी फरफट ठरलेली.

पहिलं आश्वासन होतं, गणपतीची आरती सातला म्हणजे सातलाच सुरू होईल. खवणेकर घड्याळ लावून बसले. सात पंचवीसला टाळ वाजले. "पुढच्या वर्षी वेळेवर, इन्शाल्ला," पेंढारकर घाम पुसत म्हणाले. खवणेकरांनी 'इन्शाल्ला' सकट नोंद केली. दुसरं होतं, नाटकात प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांना ऐकू येणार नाही. खवणेकर शेवटच्या रांगेत कानाला हात लावून बसले. शेरा पडला, 'अंशतः पूर्ण. प्रॉम्प्टर ऐकू आला नाही, पण नायकही आला नाही.' तिसरं होतं मुलांच्या मराठी वर्गाचं. तिथे त्यांनी एका पोराला विचारलं, "काय शिकलास?" पोरगं म्हणालं, "अंकल, मला मराठी येते आहे, but slowly." खवणेकर खूश झाले. वहीत लिहिलं, 'काँक्रीट ओलं आहे. पाणी मारत राहावे.'

सातवं आश्वासन जरा वेगळं होतं. बायकोमुलं गावी आणि आपण इथे, अशांना आम्ही 'बॅचलर' म्हणत असू, मग त्यांना नातवंडं का असेनात. कोणताही बॅचलर शुक्रवारी दुपारी एकटा जेवणार नाही, एकेक घर एकेकाला बोलवेल, असं पेंढारकरांनी छापलं होतं. बॅचलरांची यादी खवणेकरांनीच खोल्या-खोल्या फिरून केली. एकोणीस नावं निघाली. घरं वाटली गेली आणि मग दर शनिवारी खवणेकरांचे फोन सुरू झाले. "काल कोणाकडे जेवलात? कोशिंबीर होती? पुन्हा वाढलं का?" वसईचा डिसोजा हॉटेलात कामाला होता, तो वैतागून म्हणाला, "अहो, पोट भरलं, आता परीक्षा कसली घेताय?"

दोन वर्षांनी वार्षिक सभा भरली. पेंढारकरांना पुन्हा उभं राहायचं होतं आणि विरोधकांनी वही वाचायची मागणी केली. खवणेकर वाचू लागले तसे पेंढारकर खुर्चीत बुडत गेले. सहाही आश्वासनं अपुरी किंवा अंशतः. मग सातवं आलं. "एकही बॅचलर एकटा जेवला नाही. पूर्ण." सभागृहात टाळ्याच टाळ्या. खवणेकरांनी उभ्या आयुष्यात कशालाही दिलेला हा पहिला निर्भेळ 'पूर्ण' होता. त्या एका शब्दावर पेंढारकर पुन्हा निवडून आले, आणि दप्तर म्हणून वही माझ्या घरी आली.

माझी बायको मीना हाताला लागेल ते वाचते. यादीवरून बोट फिरवून तिने विचारलं, "आणि खवणेकर कोणाकडे जेवतात?"

खवणेकरांची बायको आणि मुलगी अकरा वर्षं वेंगुर्ल्याला होत्या. एकोणीस नावं यादीत, विसावा यादी करणारा. आणि खरं सांगायचं तर ते नाव कोणी शोधलंही नव्हतं, कारण घरोघरी टेबलं होती आणि पाणसळीची धास्ती. मला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते दह्यात खुबूस, म्हणजे अरबी रोटी, बुडवून खात होते. मी जेवायला चला म्हटलं.

"मी तपासणारा, सेक्रेटरी. तपासणाऱ्याचं नाव यादीत नसतं."

"मीनाने सोलकढी केलीय."

त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाले, "टेबल कसं आहे तुमचं?"

"वाकडं."

"बघायला हवं," म्हणून ते उठले.

घरी आल्यावर त्यांनी पाणसळ टेबलावर ठेवली. बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन बसला. खवणेकरांनी पाणसळ खिशात टाकली. "याचं पुढच्या शुक्रवारी बघू," म्हणाले आणि पानावर बसले. सोलकढी तीनदा घेतली.

हात धुऊन त्यांनी वही मागितली. सातव्या आश्वासनापुढचं 'पूर्ण' पट्टी लावून खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'शेरा खोटा होता. चूक इन्स्पेक्टरची.'

"वीस होते, सेक्रेटरी. मोजता येतं मला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "स्वतःचं नाव लिहायला लाज वाटली."

मग त्याखाली त्या दिवसाची तारीख घालून त्यांनी पुन्हा 'पूर्ण' लिहिलं, सही केली, वही मिटली.

"खलास," खवणेकर म्हणाले.