कात्रीने पुरा झालेला बांध

१९३२ साली किहीमजवळचा, समुद्राचे पाणी शेतात येऊ न देणारा खारबांध सरकारी दृष्टीने पूर्ण झाला. प्रत्यक्षात त्याच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढी खांड होती. मात्र मोठ्या साहेबांना चिखलाचा तिटकारा असल्यामुळे तपासणी बांधावर न होता, कामाच्या वेळी काढलेल्या चित्रपटावरून व्हायची होती.

मामलेदारांनी दत्तात्रेयाला बोलावले. तो मुंबईच्या एका स्टुडिओत फिल्म कापून जोडायला शिकला होता. डोळा लवायच्या आत दृश्य बदललेच पाहिजे, हा त्याचा सिद्धान्त. तो ऐकून स्टुडिओने त्यालाच बदलले होते.

“खांड दिसता कामा नये,” मामलेदार म्हणाले.

“पण ती आहे ना, रावसाहेब?”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं!”

दत्तात्रेयाने सगळे कसब पणाला लावले. टोपली, हात, दगड, पुन्हा टोपली. खांड येई तिथे बैलाचा डोळा. साहेबांना घेरी आली. “काय हा कामाचा वेग!” म्हणत त्यांनी बांध मंजूर केला. आपल्या प्रयोगाला पहिल्यांदाच दाद मिळाली म्हणून दत्तात्रेयाचे डोळे भरून आले.

पावसाळ्यातल्या उधाणाला समुद्र त्या खांडीतून आत शिरला. उभे भात कुजले. बांधावर टोपल्या वाहिलेली नीराबाई आणि तिचा नवरा गुणाजी गाव घेऊन कचेरीत धडकले.

“बांध पुरा न्हाय, रावसाहेब!”

“बाई, साहेबांनी स्वतः पाहिलाय. तुम्ही चित्रपट पाहिलात?”

“न्हाय.”

“मग न पाहताच तक्रार?”

शाळेच्या खिडक्यांना गोणपाटे लावून खेळ ठरला. गावकऱ्यांचे चिखलाने भरलेले पाय पाहून दत्तात्रेयाला स्वतःचीच लाज वाटली. कापून टाकलेला खांडीचा तुकडा त्याच्यापाशी होता. तो त्याने गुपचूप शेवटी चिकटवला.

खेळ सुरू झाला. “अगो, ही मीच!” नीराबाई किंचाळली. बैलाला टाळ्या पडल्या. मग खांड आली. नुसते आत घुसणारे पाणी, कुठेही न कापलेले. मामलेदार पांढरेफटक पडले. आता गाव भडकणार, अशी दत्तात्रेयाची खात्री झाली.

“ह्ये काय लावलंय?” गुणाजी ओरडला. “ह्ये आमच्या दारात रोजच हाय! काढ त्ये!”

“काढ, काढ!” सगळे गाव ओरडले. “बैल दाव!”

“आन् माझी टोपली!” नीराबाई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मामलेदारांनी वर कळवले, ‘ग्रामस्थांच्या एकमुखी मागणीवरून खांड काढून टाकण्यात आली आहे.’